जशीच्या तशी प्रत

पद्माअक्का घाबरट होत्या. हे आधीच सांगून टाकते. त्या गेल्यावर त्यांच्याविषयी जे थोडंफार बोललं गेलं त्यात कुणीतरी त्यांना ‘धीराची बाई’ म्हटलं, आणि ते ऐकून मला राग आला. धीरबीर काही नव्हता. आभाळ भरून आलं की त्या कॉम्प्युटरची पिन काढून ठेवायच्या. घराला कुलूप लावून गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या तरी परत येऊन ते ओढून बघायच्या. फोन वाजला की उचलण्याआधी “कोण असेल गे?” असं मलाच विचारायच्या. ऑटोत बसण्यापूर्वी चालवणाऱ्याचा चेहरा नीट पाहून घ्यायच्या, आणि पाहून झालं तरी उतरेपर्यंत पिशवी छातीशी धरलेली असायची.

चिकपेटच्या बाजारामागच्या एका गल्लीत खाली त्या राहायच्या आणि वरच्या भाड्याच्या खोलीत मी. मी नागपूरची, नोकरी हेब्बाळच्या एका कंपनीत. माझे वडील कामगार संघटनेत होते. आमच्या घरात पाहुण्याला बसायला खुर्ची नसायची, पण पत्रकांचे गठ्ठे असायचे, आणि मी अक्षरं शिकले ती त्यांवरच. अक्कांचं घराणं कुठल्याशा फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आलेलं आणि इथलंच होऊन गेलेलं. त्यांच्या मराठीत कन्नड कुठून सुरू होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तरुणपणी त्यांनी एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि घरीच लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, गल्लीतल्या लोकांचे अर्ज टाइप करून द्यायला लागल्या. त्या कॉम्प्युटरला त्यांनी ब्लाउजपीसच्या कापडाचं झाकण शिवलं होतं. पाहुण्यांनी त्याला हात लावलेला त्यांना खपत नसे.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती एक पत्रक घेऊन. शिवणकाम करणाऱ्या बायकांसाठी लिहिलेलं होतं आणि मथळा होता, ‘भीती सोडा’. अक्कांनी ते चष्मा वर-खाली करत शेवटपर्यंत वाचलं.

“खाली नाव कुणाचं घालू?”

“माझं घाला.”

“आणि हा पत्ता?”

“तोही घाला. लपवायचं काय त्यात?”

“तुझं काय गे नागपूर, तू उद्या उठून जाशील. हा पत्ता माझा पण आहे की.”

पत्ता त्यांनी घातला नाही. पत्रक मात्र इतकं नेटकं जुळवलं की माझी सगळी उद्गारचिन्हं त्यात गळून पडलेली मला छापून आल्यावर कळली. विचारलं तर म्हणाल्या, “ओरडलं की लोक दार लावून घेतात. स्वल्प हळू बोल.” त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मी ‘नागपूर’च राहिले.

आमच्या गल्लीच्या पाठीमागे साड्यांचं एक गोदाम होतं. त्याच्या माळ्यावर बायका साड्यांना फॉल लावायच्या, पिको करायच्या. एका दुपारी तिथे आग लागली. दोघींनी माळ्यावरच जीव सोडला. त्यातली एक रत्नाची धाकटी बहीण. रत्ना शिंप्याच्या घरातली, जन्मापासून याच पेटेतली. ती खिडकीची जाळी फोडून बाहेर पडली होती. मालकाचं म्हणणं, दार उघडं होतं, बायका घाबरून उलट्या दिशेला पळाल्या. बायकांचं म्हणणं, साड्या चोरीला जाऊ नयेत म्हणून दार रोज बाहेरून बंद केलं जायचं आणि त्या दिवशीही होतं.

त्याच संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा वाचलेल्या बायका अक्कांच्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. कुणी बोलावलं होतं, अक्कांनी की त्या आपणहून आल्या, मला आजही ठाऊक नाही. केसांना धुराचा वास येत होता. अक्का एकेकीचं ऐकत होत्या आणि टाइप करत होत्या. रत्ना म्हणाली, “मी दार ढकललं. दार गेलं नाही. परत ढकललं. मग धूर आला.”

मी मागे उभी होते. मी म्हटलं, “अक्का, लिहा ना, दाराला बाहेरून कुलूप होतं.”

“रत्ना, तुला कुलूप दिसलं का गे?”

“आतून कसं दिसणार अक्का.”

“मग मी कसं लिहू?” त्या माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, आणि रत्नाची चार तुटकी वाक्यं त्यांनी होती तशी ठेवली. मला ते फार कमजोर वाटलं. तितकं कमजोर मी कधी लिहिलं नसतं.

त्या जबान्यांचा एक छापलेला संच आम्ही सरकारी कचेरीत दिला आणि तो तिथे सापडेनासा झाला. चौकशी सुरू व्हायला पुढे बराच काळ गेला. तेवढ्यात वाचलेल्यांपैकी काहीजणी गावी परतल्या, काहींना दुसऱ्या दुकानात काम मिळालं आणि त्यांना काही आठवेनासं झालं. रत्ना के. आर. पुरमला भावाकडे राहायला गेली, पण तिने शब्द फिरवला नाही. तेव्हा मालकाच्या वकिलाने नवीन मुद्दा काढला. त्या दिवशी कुणी काही लिहून घेतलंच नव्हतं म्हणाला, संघटनेच्या लोकांनी सगळं मागाहून रचलं आणि बायकांच्या तोंडी घातलं. म्हणजे माझ्यासारख्यांनी. आमच्या वकीलबाईंनी अक्कांना विचारलं, “ज्या दिवशी टाइप केलं ती मूळ फाइल आहे?”

“आहे की. त्याच कॉम्प्युटरमध्ये.”

“उघडू नका. पुन्हा सेव्ह तर मुळीच करू नका. तिच्यावरची तारीख हाच आपला पुरावा आहे. साधी कॉपी केलीत तर कॉपीवर आजची तारीख पडेल. तो कॉम्प्युटर सांभाळा.”

सांभाळा, हे अक्कांना सांगावं लागत नव्हतं. पण त्या दिवसापासून त्यांची झोप गेली. आधी ती भीती कशाचीही असायची, वाऱ्याची, विजेची, फोनची. आता तिला एक जागा मिळाली, टेबलाखालचा तो करडा डबा.

मग एके सकाळी पांढऱ्या शर्टातला एक माणूस मिठाईचा डबा घेऊन आला. गोदामाचा मॅनेजर. मी जिन्यावर होते. तो फार गोड बोलत होता, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. “अक्का, तुमचा कॉम्प्युटर खूप जुना झाला म्हणे. आमच्या साहेबांनी नवा द्यायचा ठरवलाय. जुना आम्हीच घेऊन जातो, तुम्हाला उचलायचा त्रास नको.”

अक्कांनी त्याला कॉफी दिली. “सरी,” त्या म्हणाल्या, “बरं, विचार करून सांगते.”

“विचार काय करायचा त्यात? या जुन्या घरांच्या वायरिंगचं काही खरं नसतं अक्का. कधी काय पेटेल सांगता येत नाही.”

तो गेल्यावर मी खाली उतरले आणि ओरडायला लागले. त्याला हाकलून का नाही दिलं, कॉफी कशाला दिली, उद्या मी गल्लीत पत्रक वाटते. अक्का स्टुलावर बसल्या होत्या. “ओरडू नको गे,” एवढंच म्हणाल्या. “तो वळून घराच्या मीटरकडे बघून गेला. मी पाहिलं.”

मीटरकडे. मला ते दिसलं नव्हतं. त्या रात्री मीही दोनदा खाली येऊन मीटर बघून गेले.

त्याच आठवड्यात कॉम्प्युटरची डिस्क वाजायला लागली. कॉम्प्युटर सुरू केला की आतून टक असा आवाज, थोडं थांबून परत टक, जसं कुणी नखाने पत्र्यावर वाजवतंय. अक्कांनी तो ताबडतोब बंद केला. मी माझ्या कंपनीतल्या एका जाणत्याला विचारलं. तो म्हणाला, डिस्क मरायला टेकली आहे, पुढच्या खेपेला सुरू होईलच असं नाही. अख्ख्या डिस्कची इमेज घ्या, फाइलींची कॉपी नव्हे. रिकाम्या जागेसकट, तारखांसकट, चुकांसकट सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरतं, जशीच्या तशी प्रत. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

ते सॉफ्टवेअर अक्कांनी ज्या पद्धतीने निवडलं तसं आमच्याकडे मुलीसाठी स्थळही बघत नाहीत. बिचारी डिस्क तोवर बंद पडून होती. मी म्हणे, लवकर करा. त्या म्हणत, “मरणाऱ्या माणसाला कुठल्या डॉक्टरच्या हातात देऊ ते तरी बघू दे की.”

पहिलं एस. पी. रोडवरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानदाराने सुचवलं. त्याने एक पेन ड्राइव्ह पुढे केला. “अम्मा, टेन्शन बेडा, टेन्शन मत लो. महंगा वाला है, क्रॅक किया हुआ. सब लोग यही ले जाते हैं.”

“क्रॅक म्हणजे काय गे?” अक्कांनी मला विचारलं.

“चोरीचं. कुलूप तोडलेलं.”

“ज्याने ह्याचं कुलूप तोडलं त्याने आत काय ठेवलं असेल ते ह्याला माहीत आहे का विचार.” मी विचारलं. दुकानदार हसला. अक्कांनी पेन ड्राइव्ह दोन बोटांनी काउंटरवर परत सरकवला.

दुसरं फुकट होतं आणि दिसायला फार सुरेख. माझ्या लॅपटॉपवर त्यांनी ते उघडून पाहिलं. त्याने ईमेल मागितला, फोन नंबर मागितला, मग तुमची प्रत आमच्याकडे ऑनलाइन सुरक्षित ठेवू का म्हणून विचारलं. अक्का स्क्रीनपासून मागे सरकल्या. “हे सगळी डिस्क वाचणार ना? रत्नाचं, सगळ्यांचं. मग हे कुणाला जाऊन सांगणार?”

“असं सांगत नाहीत अक्का.”

“मिठाई घेऊन आलेला पण असंच गोड बोलत होता.”

तिसरं मी आणलं. त्याचा कोड खुला होता, कुणीही वाचावा असा, आणि त्यावर मी एक छोटं भाषणही दिलं, ज्ञानाची मालकी वगैरे. अक्कांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, “नेटची वायर काढली तर चालतं?”

“चालतं. पेन ड्राइव्हवरून सुरू होतं. जुन्या डिस्कवर काही लिहीत नाही, फक्त वाचतं.”

“आणि उद्या हे करणारी माणसं दुकान बंद करून गेली तर? माझा छापखाना गेला तसं?”

“तरी प्रत उघडता येते.”

दिसायला ते भयाण होतं. काळा पडदा, निळ्या चौकटी, पांढरी अक्षरं. पण डिस्कवर लिहायला घेण्याआधी ते थांबून विचारायचं, तुमची खात्री आहे का. हो म्हटलं की परत एकदा तेच विचारायचं. ते बघितल्यावर अक्कांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. “हे बरंय गे,” त्या म्हणाल्या. “हे पण भितंय.”

तरी लगेच वापरलं नाही. दुकानातून भंगारातली एक लहान डिस्क आणली, तिच्यावर एक लग्नपत्रिका टाकली, तिची प्रत काढली, डिस्क पुसून टाकली आणि प्रतीवरून ती परत भरली. पत्रिका जशी होती तशी आली, नवरीच्या वडिलांच्या नावातल्या चुकीसकट. “प्रत काढणं म्हणजे काही नाही,” अक्का म्हणाल्या. “परत आलं पाहिजे.”

रविवारी पेटेतली दुकानं बंद असतात आणि विजेवर ताण नसतो, म्हणून अक्कांनी रविवारची सकाळ ठरवली. दाराला आतून कडी. रत्ना के. आर. पुरमहून आली होती आणि खिडकीशी बसून गल्लीकडे बघत होती, पांढरा शर्ट दिसतो का ते. टेबलाखालचा डबा उघडा होता. आत जुनी डिस्क आणि तिच्या खालच्या खणात नवी कोरी. पेन ड्राइव्ह लावला, निळी चौकट आली, आणि तिने विचारलं, कुठल्या डिस्कवरून वाचायचं.

दोन नावं दिसत होती. एकसारखी. तीच कंपनी, तेच मॉडेल, तेवढाच आकार. दुकानदार म्हणत होता मोठी डिस्क घ्या, हल्ली छोट्या कोण घेतं. पण अक्कांनी हट्टाने हुबेहूब तशीच शोधून आणली होती, कुठल्या तरी दुकानाच्या मागच्या फळीवरून. वेगळी घेतली आणि ती जुळली नाही तर, ही भीती. त्या भीतीपायी आता समोर दोन जुळ्या बहिणी उभ्या होत्या, एकीच्या पोटात सगळं आणि दुसरी रिकामी. उलट निवडलं असतं तर प्रोग्रामने मुकाट्याने रिकामी डिस्क भरलेलीवर उतरवली असती. जशीच्या तशी.

“पहिली जुनी असणार,” मी म्हटलं.

“असणार?”

“बहुतेक. नाहीतर नवीची वायर काढून बघू या, कुठलं नाव उरतं ते.”

“आणि परत लावल्यावर नावं अदलाबदल झाली तर?” रत्ना खिडकीतून म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की मला ती आहे हे तेव्हाच परत आठवलं.

ते खरं होतं, नावं बदलू शकतात. माझी बोटं कीबोर्डवरून बाजूला झाली. डबा अधूनमधून टक करत होता. अक्का स्वतःशी काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. नंतर कळलं, स्क्रीनवरच्या दोन्ही नावांखालचा बारीक आकड्यांचा अनुक्रमांक त्या पाठ करत होत्या. तो प्रत्येक डिस्कच्या लेबलवर छापलेला असतो, आणि तो कधी सारखा नसतो.

पण नवीचं लेबल फळीवर पडून पुसट झालेलं, आणि जुन्या डिस्कचं लेबल खालच्या बाजूला होतं. ती बाहेर काढायची म्हणजे हलवायची, आणि हलवली तर ती तिथेच राम म्हणेल अशी तिची अवस्था. अक्कांनी कुंकवाच्या करंड्यातला आरसा आणला, दोन डिस्कांमधल्या फटीत तिरपा धरला, मला टॉर्च धरायला लावली. आरशात आकडे उलटे दिसत होते. मी डोकं वाकडं करकरून एकेक सुलटा करायला लागले तोवर अक्कांनी ते सरळ वाचून टाकले. खिळे उलटेच वाचायचे असतात. तरुणपणी त्यांनी दुसरं काही वाचलंच नव्हतं.

“खालचं नाव जुनीचं,” त्या म्हणाल्या. मी ‘पहिली’ म्हटलं होतं ती रिकामी होती.

त्यांनी मला परत वाचायला लावलं. मग रत्नाला. मग प्रोग्रामने विचारलं, खात्री आहे का, आणि परत विचारलं. दुसऱ्या वेळी अक्कांनी स्वतः बटण दाबलं आणि हात पदराखाली लपवला, जणू तो कुणी पाहिला असेल.

मध्येच एका जागी ते अडकलं. आकडा पुढे सरकेना, डिस्क टकटक करत राहिली. रत्ना खिडकी सोडून आमच्यामागे येऊन उभी राहिली. तिची बहीण त्या डिस्कमध्ये नव्हती हे तिला कळत होतं, मला कळत होतं, पण तिचा हात माझ्या खांद्यावर इतका गच्च पडला की मला हलता येईना. बऱ्याच वेळाने आकडा हलला. तो भाग वाचता न आल्याने सोडून दिला, असं प्रोग्रामने पांढऱ्या अक्षरांत प्रामाणिकपणे लिहिलं.

जुनी डिस्क काढून कापसात गुंडाळून ठेवली आणि त्याच डब्यात नवी एकटी लावली. सुरू झाली. टक नाही. फोल्डर होतं, आगीच्या दिवसाची तारीख होती. फाइल उघडायला वकीलबाईंची मनाई होती, म्हणून फक्त तारीख बघितली. या नव्या डिस्कची आणखी एक प्रत अक्कांनी पुढच्या रविवारी काढली आणि बंगारपेटच्या बहिणीकडे स्वतः नेऊन ठेवली. वाचता न आलेल्या भागात काय गेलं ते हळूहळू समजलं. दोन लग्नपत्रिका, आणि माझं ‘भीती सोडा’. ते उघडेना. अक्का त्यावर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले असते, पण मला तेव्हा तेवढं जमलं नाही.

चौकशीत मालकाच्या वकिलाने त्यांना उभं केलं आणि विचारलं, “कॉम्प्युटरवरची तारीख बदलता येते, हे तुम्हाला माहीत आहे?”

“येते की साहेब.”

आमच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

“म्हणून मी माझं बोलणं धरा म्हणत नाही,” अक्का पुढे म्हणाल्या. समोरच्या कठड्याला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. “यंत्रच आणलंय. त्यातल्या माणसाकडून तपासून घ्या. जुनी डिस्क वेगळी ठेवलीय, ती फार चालवू नका, मरेल. मेली तर प्रत आहे.”

“तुम्हाला हे सगळं कुणी शिकवलं? संघटनेने?”

“नाही साहेब. मला भीती वाटत होती.”

रत्नाची चार वाक्यं तिथे जशी होती तशी वाचली गेली. ‘मी दार ढकललं. दार गेलं नाही. परत ढकललं. मग धूर आला.’ वकिलाने शब्द धरायला पाहिलं, पण धरायला त्यात काही नव्हतं. तिने कुलूप पाहिल्याचं कुठे म्हटलंच नव्हतं. चौकशी अधिकाऱ्याने कॉम्प्युटर आणि दोन्ही डिस्का सील करून तपासणीसाठी ठेवून घ्यायला सांगितलं. पुढे अहवाल आला तेव्हा मी बदली होऊन पुण्याला गेले होते. रत्नाने फोनवर वाचून दाखवला. दार बाहेरून बंद होतं, असं त्यात लिहिलं होतं. अक्का तो यायच्या थोडं आधीच गेल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या कचेरीच्या जिन्यावर. कारकुनाने डबा पांढऱ्या कापडात शिवून लाखेचं सील ठोकलं होतं, आणि एक शिपाई तो खांद्यावर घेऊन खाली उतरत होता. सहज, तांदळाची गोणी घ्यावी तसा. अक्का त्याच्या मागे एक पायरी सोडून उतरत होत्या. “स्वल्प हळू हं अण्णा. भिंतीला नको लागू देऊस. ओल असेल तिथे नको ठेवूस.” शिपाई “सरी, सरी” म्हणत होता आणि काही ऐकत नव्हता. आता डब्याला हात लावायचा हक्क त्यांना राहिला नव्हता, सील झालं होतं. म्हणून त्यांनी दोन्ही तळहात डब्याच्या खाली, न टेकवता, नुसते धरून ठेवले होते. शिपाई वळला की त्याही वळायच्या, तो थांबला की थांबायच्या. तशाच त्या खालच्या अंधाऱ्या बोळात उतरत गेल्या.